परसबाग

घराच्या मागील, पुढील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत कुटुंबाच्या रोजच्या गरजेपुरती भाजी, थोडी फळे, मसाल्याची पाने आणि फुले यांची जी लागवड करतात, तिला परसबाग म्हणतात. ‘परस’ किंवा ‘परसदार’ म्हणजे घराची मागील बाजू. स्वयंपाकघर, न्हाणी आणि विहीर बहुधा याच बाजूस असत. त्यामुळे सांडपाणी, राख व केरकचरा झाडांना सहज मिळत असे. भाजीमळा व परसबाग यांच्या हेतूंत मूलभूत फरक आहे. मळ्यातील पीक एकाच वेळी तयार होऊन बाजारात जावे अशी मळेवाल्याची योजना असते. परसबागेत अनेक पिके थोडी थोडी आणि वर्षभर मिळत राहावी लागतात. एका आठवड्यात दहा किलो भेंडी आणि पुढे दोन महिने काहीच नाही, अशी बाग पिकाच्या दृष्टीने यशस्वी असली, तरी घराच्या दृष्टीने फसलेली असते. म्हणून हंगामांची आखणी, ठराविक अंतराने पुन:पुन्हा केलेली पेरणी आणि रोजची थोडी निगा या तीन गोष्टी परसबागेत सर्वांत महत्त्वाच्या ठरतात.

महाराष्ट्र व गोवा या प्रदेशांत परसबागेचे प्रकार हवामानाप्रमाणे बदलतात. कोकणातील घराभोवतीच्या वाडीत नारळ, सुपारी, केळी व फणस यांच्या सावलीत अळू, हळद व आले ही पिके घेतात आणि मांडवावर पडवळ, दोडका, कारले यांचे वेल चढवितात. गोव्यातील कुळागर हे याच पद्धतीचे अधिक विस्तृत रूप होय. देशावर पाण्याचे दुर्भिक्ष असल्यामुळे परसात न्हाणीच्या पाण्यावर केळी, अळू व कर्दळ, कुंपणावर वाल किंवा घेवडा आणि कोपऱ्यात शेवगा व कढीपत्ता अशी मांडणी रूढ होती. शहरांची वाढ झाल्यावर परसच उरले नाही आणि बाग गच्चीवर व सज्जात गेली. श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) यांनी ‘प्रयोग परिवार’ या उपक्रमाद्वारे पालापाचोळ्यापासून घरच्या घरी कसदार माती तयार करण्याच्या पद्धतीचा प्रसार केला. शहरी बागांना तिचा विशेष उपयोग झाला.

क्षेत्र व आहार : हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढ व्यक्तीच्या २,००० किलोकॅलरींच्या दैनिक आहारात पालेभाज्यांसह सु. ४०० ग्रॅ. भाजी असावी, असे सुचविले आहे. या हिशोबाने पाच माणसांच्या कुटुंबाला रोज २ किग्रॅ. म्हणजे वर्षाला सु. ७३० किग्रॅ. भाजी लागते. पाण्याची सोय असलेल्या २०० ते २५० चौ. मी. क्षेत्रात वर्षाला तीन पिके घेतल्यास ही गरज बव्हंशी भागू शकते. एवढी जागा फार थोड्या घरांना उपलब्ध असते. २० ते ३० चौ. मी. जागा असल्यास बटाटा, कांदा यांसारखी टिकाऊ व बाजारात सहज मिळणारी पिके वगळून पालेभाज्या, मिरची, कोथिंबीर, टोमॅटो आणि एक-दोन वेल यांवर भर द्यावा. पालेभाज्या तोडल्यानंतर लवकर कोमेजतात आणि त्यांतील क जीवनसत्त्व साठवणीत कमी होत जाते. त्यामुळे दारातल्या वाफ्यातून थेट स्वयंपाकघरात येणाऱ्या पालेभाजीचा लाभ इतर कोणत्याही पिकापेक्षा अधिक असतो.

जागा व आखणी : बहुतेक फळभाज्यांना दिवसातून किमान सहा तास थेट ऊन लागते. पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना यांना चार तासांचे ऊन पुरते. अळू, आले व हळद अर्धवट सावलीत वाढतात. जागा निवडण्यापूर्वी घराची व शेजारच्या इमारतींची सावली कोणत्या महिन्यात कोठवर पडते, ते पाहणे इष्ट असते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असल्याने सावली उत्तरेस लांबते. म्हणून शेवगा, पपई, लिंबू, कढीपत्ता, केळी ही बहुवर्षायू व उंच झाडे तसेच वेलींचे मांडव बागेच्या उत्तर कडेस ठेवतात. मधल्या जागेत सु. १ मी. रुंदीचे वाफे काढून त्यांमध्ये ४० ते ५० सेंमी. रुंदीच्या वाटा सोडतात. वाफ्याची रुंदी यापेक्षा जास्त ठेवल्यास मधल्या रोपांपर्यंत हात पोहोचत नाही आणि वाफ्यात पाय पडून माती घट्ट होते. कडेने झेंडू, तेरडा, सदाफुली यांसारखी फुलझाडे लावल्यास जागा वाया जात नाही. त्यांच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांचा वेलभाज्यांच्या परागणास उपयोग होतो.

जमीन व खत : काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, तेथे वाफे १५ ते २० सेंमी. उंच करून त्यांत शेणखत व थोडी जाड वाळू मिसळतात. कोकणातील जांभ्याच्या जमिनीतून पाणी व अन्नद्रव्ये झपाट्याने निघून जातात. तेथे पालापाचोळ्याचे खत भरपूर घालावे लागते. नवीन बांधकामाभोवतालच्या भरावात विटांचे तुकडे, चुना व सिमेंट असल्यास वरचा ३० सेंमी. थर काढून चांगली माती भरावी. उन्हाळ्यात जमीन २५ ते ३० सेंमी. खोल खणून तापू देतात. त्यामुळे तणांची मुळे वाळतात व किडींचे कोश उघडे पडून मरतात. लागवडीपूर्वी दर चौ. मी.स २ ते ३ किग्रॅ. कुजलेले शेणखत व १०० ते २०० ग्रॅ. निंबोळी पेंड मिसळतात. ताजे शेण घालणे टाळावे. कुजताना त्यातून निघणारी उष्णता व अमोनिया कोवळ्या मुळांना अपायकारक असतात आणि त्याबरोबर हुमणीचा प्रादुर्भाव वाढतो.

घरचे खत तयार करण्यास भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा व वाळलेला पाला पुरेसा होतो. एक भाग ओला कचरा व दोन ते तीन भाग कोरडा पाला असे थर देऊन मधूनमधून मूठभर जुने खत किंवा माती पसरतात आणि १५ दिवसांनी ढीग वरखाली करतात. खताला दुर्गंधी येऊ लागल्यास ते फार ओले झाले आहे असे समजून त्यात कोरडा पाला मिसळावा. कचरा कुजतच नसल्यास पाणी शिंपडावे. तीन ते चार महिन्यांत मातकट वासाचे, काळसर व भुसभुशीत खत तयार होते. शिजवलेले तेलकट अन्न, मांस व हाडे यांमुळे उंदीर-घुशी येतात, म्हणून ती या ढिगात टाकीत नाहीत.

बियाणे व रोपे : मेथी, पालक, मुळा, गाजर, भेंडी, गवार, वाल व वेलभाज्या यांचे बी जागेवरच पेरतात. वांगी, टोमॅटो, मिरची, कोबी, फुलकोबी व बहुतेक हंगामी फुलझाडे यांची रोपे आधी तयार करून लावतात. बियाच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोलीवर बी पडावे, हा सर्वसाधारण नियम आहे. धने रगडून त्यांचे दोन भाग केल्यावर पेरतात. कारली, दोडका यांचे टणक कवचाचे बी रात्रभर पाण्यात भिजवितात. रोपे कोलमडणे हा रोपवाटिकेतील मुख्य रोग होय. जमिनीलगत खोड मऊ पडून रोप आडवे होते. दाट पेरणी व अतिरिक्त ओलावा ही त्याची कारणे असल्याने उंच गादीवाफा, विरळ पेरणी व सकाळी बेताचे पाणी हेच खरे उपाय होत. बियांस ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची पूड चोळल्यास अधिक संरक्षण मिळते. चार ते सहा आठवड्यांची, पाच-सहा पानांची रोपे सायंकाळी वाफ्यात लावून लगेच पाणी देतात. टोमॅटो व मिरची ६० × ४५ सेंमी., वांगी ७५ × ६० सेंमी. आणि कोबी ४५ × ४५ सेंमी. अंतरावर लावतात. अंतर कमी ठेवल्यास रोपांची संख्या वाढते. परंतु हवा खेळत नसल्यामुळे रोग वाढून उत्पन्न घटते.

वर्षाची योजना : एकाच कुलातील पिके एकाच वाफ्यात पुन:पुन्हा घेतल्यास मुळांवरील सूत्रकृमी व जमिनीतून पसरणारा मर रोग वाढतो. वांगी, टोमॅटो व मिरची ही एकाच कुलातील असल्याने त्यांच्या बाबतीत ही काळजी विशेष घ्यावी लागते. सहा वाफ्यांच्या लहान बागेसाठी पुढील योजना नमुन्यादाखल दिली आहे.

वाफा क्र. १ : जून ते सप्टेंबर भेंडी, ऑक्टोबर ते जानेवारी कोबी, फेब्रुवारी ते मे गवार.
वाफा क्र. २ : जून ते जानेवारी वांगी, फेब्रुवारी ते मे चवळी.
वाफा क्र. ३ : जून ते सप्टेंबर चवळी, ऑक्टोबर ते फेब्रुवारी टोमॅटो, मार्च ते मे तांदुळजा.
वाफा क्र. ४ : जून ते जानेवारी मिरची, फेब्रुवारी ते मे काकडी.
वाफा क्र. ५ : जून ते सप्टेंबर श्रावण घेवडा, ऑक्टोबर ते जानेवारी फुलकोबी, फेब्रुवारी ते मे भेंडी.
वाफा क्र. ६ : जुलै ते ऑक्टोबर झेंडू, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पालक, मेथी, मुळा व गाजर, मार्च ते मे तांदुळजा व झिनिया.

दुसऱ्या वर्षी पहिल्या तीन वाफ्यांची योजना शेवटच्या तिहींत आणि शेवटच्या तिहींची पहिल्या तीन वाफ्यांत क्रमाने अमलात आणावी. म्हणजे वांगी, टोमॅटो व मिरची यांच्या वाफ्यांना एक वर्षाची विश्रांती मिळते. चवळी, गवार व घेवडा या शिंबावंत पिकांच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात. पीक संपल्यावर झाडे उपटून न टाकता जमिनीलगत कापावीत आणि मुळे जमिनीतच राहू द्यावीत. पालेभाज्यांचा संपूर्ण वाफा एकदम पेरू नये. त्याचे चार भाग करून दर आठ-दहा दिवसांनी एक भाग पेरल्यास मेथी २५ ते ३० दिवसांत व मुळा ४० ते ४५ दिवसांत क्रमाने काढणीस येतो आणि शेवटचा भाग काढेपर्यंत पहिला पुन्हा उगवून आलेला असतो.

पावसाळी हंगाम : मेअखेरीस रोहिणी नक्षत्रात वाफे तयार ठेवून मृगाच्या पावसाबरोबर पेरणी करण्याची रीत आहे. कोकणात पावसाचे मान २,५०० मिमी.हून अधिक आणि देशावरील पर्जन्यछायेच्या भागात ५०० ते ७०० मिमी.च्या आसपास असल्यामुळे दोन्हीकडची कामे वेगळी असतात. कोकणात पाण्याचा निचरा, मांडवाची बळकटी व मुळांना मातीची भर यांकडे लक्ष द्यावे लागते. देशावर पावसातील खंडाच्या काळात पाणी देण्याची तयारी ठेवावी लागते. जून-जुलैत भेंडी, गवार, चवळी, दुधी भोपळा, दोडका, कारले, पडवळ व काकडी लावतात. मुसळधार पावसात पालेभाज्यांची पाने फाटून कुजतात, तेव्हा अळू, अंबाडी व मायाळू यांवर भर देणे सोयीचे असते. या दिवसांत तण पिकापेक्षा वेगाने वाढते. पहिली खुरपणी पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी व दुसरी तीन आठवड्यांनी केल्यास पुढील काम हलके होते.

वेलभाज्यांना फुले येऊनही फळे धरत नाहीत, ही नेहमीची तक्रार असते. या वेलींवर नर-फुले व मादी-फुले वेगवेगळी येतात. प्रथम काही दिवस केवळ नर-फुले येऊन गळतात. हे स्वाभाविक असते. मादी-फुलाच्या तळाशी इवले फळ दिसते. सततच्या पावसात मधमाश्या येत नसल्यास हाताने परागण करतात. लाल भोपळा, काकडी व कारले यांची फुले सकाळी, तर दुधी भोपळा व दोडका यांची सायंकाळी उमलतात. त्या त्या वेळी ताजे नर-फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून त्यातील पराग मादी-फुलाच्या मध्यावर हलकेच लावतात.

हिवाळी हंगाम : हस्ताचा पाऊस संपून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की, बागेतील सर्वांत समृद्ध काळाची तयारी सुरू होते. कोबी, फुलकोबी, टोमॅटो यांची रोपे सप्टेंबरमध्येच टाकून ऑक्टोबरमध्ये लावतात. वाटाणा, गाजर, बीट, मुळा, पालक, मेथी, कोथिंबीर व लसूण यांना १५° ते २५° से. तापमान मानवते. पेरणीस डिसेंबरपर्यंत उशीर झाल्यास फुलकोबीचा गड्डा भरण्याच्या वेळी उन्हाळा लागतो आणि गड्डा विरळ व पिवळसर होतो. फुलकोबीचा गड्डा दिसू लागताच भोवतीची पाने त्यावर बांधल्यास तो पांढराशुभ्र राहतो. टोमॅटोस काठीचा आधार देऊन जमिनीलगतची पाने काढून टाकतात; त्यामुळे करपा रोगाचे बीजाणू पाण्याच्या उडालेल्या थेंबांबरोबर पानांवर चढत नाहीत. पाणी कधी फार, कधी थोडे असे दिल्यास टोमॅटो तडकतात व त्यांचा तळ काळा पडून वाळतो. हा रोग नसून फळास कॅल्शियमाचा पुरवठा खंडित झाल्याचे ते लक्षण असते. नियमित पाणी हाच त्यावर उपाय होय.

उन्हाळी हंगाम : फेब्रुवारीत थंडी ओसरताच भेंडी, गवार, चवळी, काकडी, तांदुळजा व राजगिरा पेरतात. १ मिमी. पाणी म्हणजे दर चौ. मी.स १ लि. पाणी. देशावर एप्रिल-मेमध्ये जमीन व पिके मिळून दिवसाकाठी ६ ते ८ मिमी. पाणी बाष्परूपाने बाहेर टाकतात. म्हणजे १० चौ. मी. वाफ्यांना रोज ६० ते ८० लि. पाणी लागते. या हिशोबाने घरातील पाण्याचा अंदाज घेऊन तेवढेच वाफे चालू ठेवावेत. अपुऱ्या पाण्यावर साऱ्या बागेस तहानेले ठेवण्यापेक्षा दोन वाफे नीट जगविणे श्रेयस्कर असते. जमिनीवर ५ ते ७ सेंमी. जाडीचे पाचोळ्याचे आच्छादन घातल्यास बाष्पीभवन लक्षणीय घटते. भाजी व तांदूळ धुतलेले पाणी कोणत्याही पिकास चालते. कपडे धुण्याच्या चुऱ्याचे पाणी मात्र वाफ्यात सोडू नये, कारण त्यातील सोडियमाने माती चिकट व घट्ट होते. न्हाणीचे सौम्य साबणाचे पाणी केळी व कर्दळ यांना आलटून-पालटून देता येते.

फुलझाडे : परसबागेतील फुलझाडांची निवड पूजा, वेणी व शोभा या तीन गरजांवरून होत आली आहे. जास्वंद, तगर, कण्हेर, प्राजक्त, सोनचाफा ही एकदा लावली की अनेक वर्षे टिकतात. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले खेळतात तेथे ती लावू नये. दसऱ्यास झेंडू हवा असल्यास बी सु. तीन महिने आधी पेरून महिन्याभराने रोपे लावतात व त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी शेंडे खुडतात. त्यामुळे फांद्या फुटून फुलांची संख्या वाढते. झेंडूच्या मुळांतील द्रव्यांमुळे जमिनीतील सूत्रकृमींची संख्या घटते. टोमॅटोच्या ओळींमध्ये झेंडू लावल्यास फळे पोखरणारी अळी अंडी घालण्यास झेंडूची फुले पसंत करते व टोमॅटोचे नुकसान कमी होते. शेवंतीचे मुनवे मे-जूनमध्ये लावतात. रात्र लांबू लागल्यावरच तिला कळ्या येतात. त्यामुळे रस्त्यावरील किंवा सज्जातील दिव्याचा उजेड रात्रभर पडणाऱ्या शेवंतीस उशिरा फुले येतात. मोगऱ्याचे पाणी डिसेंबर-जानेवारीत तोडून हलकी छाटणी करतात आणि नंतर खत-पाणी देतात. मार्च ते जूनमध्ये तो बहरतो. गुलाबाची मुख्य छाटणी ऑक्टोबरमध्ये करतात व त्यानंतर सु. ४५ ते ५० दिवसांनी फुले येतात. डोळा भरलेल्या जागेच्या खालून येणारी फूट जंगली खुंटाची असल्याने ती वेळच्या वेळी मुळापासून काढावी, अन्यथा दोन वर्षांत खुंटच उरतो. गुलछडीचे कंद मार्च ते मे या काळात लावतात. सुकलेली फुले झाडावर राहिल्यास झाडाची शक्ती बीजनिर्मितीत खर्च होते, म्हणून ती खुडून टाकतात. हाच नियम भेंडी, गवार व काकडी यांनाही लागू पडतो. फळे कोवळी असतानाच एक दिवसाआड न तोडल्यास नवी फुले येणे मंदावते.

रोग व किडी : परसबाग लहान असल्यामुळे रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूंवर नजर टाकणे शक्य असते आणि हीच तिची सर्वांत मोठी शक्ती होय. मावा व पिठ्या ढेकूण आरंभीच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने किंवा १ लि. पाण्यात ५ मिलि. सौम्य साबण मिसळून धुऊन काढतात. वांग्याचा शेंडा सुकून लोंबू लागल्यास आत शेंडे व फळे पोखरणारी अळी असते. असे शेंडे दर आठवड्यास कापून नष्ट केल्यास फळांतील अळीचे प्रमाण पुष्कळ घटते. वेलभाज्यांची फळे वाकडी होऊन सडतात ती फळमाशीमुळे. किडकी फळे गोळा करून खोल पुरतात व क्यू-ल्यूरचे सापळे टांगतात. मिरचीवरील चुरडा-मुरडा व भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग हे विषाणुजन्य आहेत. झाडास रोग जडल्यावर उपचार नसल्याने ते उपटून टाकतात, तसेच पांढरी माशी, फुलकिडे या वाहकांचा बंदोबस्त करतात. भेंडीच्या या रोगास ‘पुसा सावनी’ ही जात बळी पडू लागल्यावर परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने (आताचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) ‘परभणी क्रांती’ ही प्रतिकारक्षम जात विकसित केली.

घरगुती उपायांत निंबोळी अर्क सर्वांत भरवशाचा आहे. ५० ग्रॅ. निंबोळी पूड १ लि. पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळतात व थोडा साबण मिसळून सायंकाळी फवारतात. तीव्र रासायनिक कीटकनाशकांना परसबागेत स्थान असू नये, कारण तेथे तोडणी जवळजवळ रोज चालू असते आणि फवारणीनंतर आवश्यक तेवढे दिवस थांबणे घडत नाही. मोनोक्रोटोफॉस या विषाच्या भाजीपाल्यावरील वापरास भारतात २००५ मध्ये बंदी घालण्यात आली. बाजारातील भाजीवरील विषाच्या अंशांविषयीची चिंता हे परसबागेकडे वळण्याचे आज एक प्रमुख कारण आहे; तेच विष घरी फवारल्यास बागेचा मूळ हेतूच नाहीसा होतो.

गच्चीवरील बाग : ओल्या मातीचे वजन दर घ. मी.स १,६०० ते २,००० किग्रॅ. भरते, म्हणजे केवळ २० सेंमी. जाडीचा थर गच्चीच्या दर चौ. मी.वर ३०० ते ४०० किग्रॅ. भार टाकतो. वावर असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानकांनुसार गृहीत धरला जाणारा वावराचा भार दर चौ. मी.स सु. १५० किग्रॅ. असतो. यास्तव गच्चीवर सर्वत्र माती पसरणे धोक्याचे असते. कुंड्या किंवा पिशव्या तुळया व भिंती यांच्या वरच्या बाजूस ठेवून त्यांत काथ्याचा भुसा, कुजलेला पाला व कंपोस्ट यांचे हलके मिश्रण भरतात. पालेभाज्यांस १५ ते २०, तर टोमॅटो व वांगी यांस ३० सेंमी. खोलीची कुंडी पुरते. कुंड्यांखालील ताटल्यांतील पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकावे. अन्यथा डेंग्यूच्या डासांची पैदास होते.

बियाणे राखणे : परसबाग पूर्वी घरच्या बियाण्यावरच चालत असे. राखेत घोळून मडक्यात ठेवलेले वाल, आढ्याला टांगलेला दोडका व चुलीवरच्या धुरात सुकलेली काकडी यांतून प्रत्येक गावाच्या, किंबहुना प्रत्येक घराच्या वाणाचे वैशिष्ट्य टिकून राही. संकरित बियाण्याच्या प्रसारानंतर ही रीत मागे पडली. संकरित वाणाच्या फळांतील बी पेरल्यास पुढील पिढी एकसारखी येत नाही, त्यामुळे ते दर हंगामात विकत घ्यावे लागते. टोमॅटो, घेवडा, वाल, वाटाणा यांत बहुधा स्वपरागण होत असल्याने त्यांचे शुद्ध बी राखणे सोपे असते. त्यासाठी पहिल्या बहरातील, निरोगी झाडावरील उत्तम फळे न तोडता पूर्ण पिकू देतात. टोमॅटोचा बीयुक्त गर एक-दोन दिवस आंबवून धुतात. वांगे पिवळे पडेपर्यंत आणि भेंडी झाडावर वाळेपर्यंत ठेवतात. वेलभाज्यांत परपरागण होते, म्हणून मादी-फुलाची कळी उमलण्यापूर्वी कागदी पिशवीने झाकून हाताने परागण करतात व फळ धरेपर्यंत पुन्हा झाकून ठेवतात. बी सावलीत वाळवून, कोरड्या हवाबंद बरणीत, नाव व वर्ष लिहून ठेवतात. कोबी व गाजराच्या विलायती जाती यांना बी धरण्यासाठी दीर्घ थंडी लागते. त्यांचे बी महाराष्ट्राच्या मैदानी भागात होत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी आपल्या परिसरातील भाज्या व धान्ये यांचे स्थानिक वाण जमवून त्यांची बियाणे बँक उभी केली. या कार्याबद्दल त्यांना २०२० सालचा पद्मश्री किताब जाहीर झाला. शाळांच्या आवारांत पोषण बागा तयार करण्याविषयी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या असून अशा बागांतील भाजी विद्यार्थ्यांच्या माध्यान्ह भोजनात वापरतात. स्थानिक वाण टिकतो तो दरवर्षी पेरला गेला तरच. बरणीत ठेवलेल्या बियाची उगवणशक्ती काही वर्षांत क्षीण होते. त्यामुळे शेजारपाजारच्या घरांनी निरनिराळे वाण वाटून घेऊन प्रत्येकाने एक-दोन वाणांचे बी राखावे व हंगामाच्या आरंभी परस्परांस द्यावे, ही जुनी रीत लहान परसबागांना आजही सर्वांत सोयीची आहे.